खोपेतली देवी

१

रंगूबाईच्या मुलीच्या तळहातांवर एकही फोड नव्हता.

डॉ. सरोजिनी धारप यांनी ते इवलेसे हात उन्हाकडे धरून पुन्हा पाहिले. मग तळपाय पाहिले. मग झबलं वर करून पोट आणि पाठ पाहिली. तिथं मात्र गर्दी होती. काही फोड पाण्याच्या थेंबासारखे टपोरे, काहींवर खपली धरलेली, आणि मधूनमधून नुकतेच उठू लागलेले लाल ठिपके. तोंडावर मोजकेच. पोर तापानं किरकिरत होती, पण आईच्या गळ्यातली काळी पोत ओढायचं काही सोडत नव्हती.

सगळी वस्ती लिंबाच्या झाडाखाली लांब उभी होती. लासुर्ण्याजवळची ही वस्ती. पाटाच्या अलीकडे माळ्यांची बागाईत, पलीकडे माळाला धनगरांची घरं. पंधरवड्यापूर्वी पलीकडच्या सिद्धूची बायको नकोशी देवीच्या रोगानं गेली होती. गावाला लागण नको म्हणून तिला माळावरच्या खोपेत ठेवलं होतं. मेल्यावर तिथंच पुरलं आणि खोप जाळून टाकली. आणि आता ही दुसरी. सत्तावन्न साली इंदापूर तालुक्यात देवीचं नाव निघालं की माणसं दारं लावून घेत. निरोप पोचताच इंदापूरच्या सरकारी दवाखान्यातून धारपबाई लशीची पेटी घेऊन निघाल्या होत्या.

"बाई, कायतरी बोला," रंगूबाई रडवेली झाली. "वाचंल का माझी पोर?"

"वाचेल काय, आठवड्यानं तुला अंगणभर पळवेल. ही देवी नाही. या कांजण्या आहेत."

झाडाखालून कुजबुज आली. धारपबाईंनी आवाज चढवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. "देवीचे फोड तोंडावर आणि हातापायांवर जास्त येतात. तळहात, तळपायसुद्धा सोडत नाहीत. आणि सगळे एकदम पिकतात. हिच्या पोटापाठीवर जास्त आहेत, काही सुकलेत, काही आत्ता येताहेत. या कांजण्याच."

माणसं पुढं सरकली. कुणीतरी हसलं सुद्धा. वस्तीचा देवऋषी सावळाराम हात जोडून म्हणाला, "आईनं दया केली."

"वस्तीत आणखी कुणाला फोड?" बाईंनी विचारलं.

"न्हाय, कुणालाच न्हाय."

"मुलगी परगावी गेली होती?"

"न्हाय बाई," रंगूबाई म्हणाली.

"मग हिला लागल्या कुणाकडून?"

एकेक मान वळली, माळाकडे, जिथं जळलेल्या खोपेचा काळा डाग दिसत होता. धारपबाईंनी तिकडे पाहिलं आणि प्रश्न विचारल्याचा त्यांनाच पश्चात्ताप झाला. कारण मुलीला कांजण्या झाल्या त्या नकोशीकडूनच, तर मग नकोशीलाही देवी आल्याच नव्हत्या.

गर्दीतून एक माणूस पुढं आला. खांद्यावर घोंगडं, पायांवर लांबच्या वाटेची धूळ. नकोशीचा थोरला भाऊ, मोरगावचा बिरू. बहीण गेल्याची बातमी त्याला उशिरा कळली होती, आदल्या दिवशीच तो येऊन पोचला होता.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "कांजण्यांनी तरणीताठी बाई मरती का?"

"फार क्वचित."

"मग माझी भन कशानं मेली?"

२

लस टोचायची होतीच. वस्तीत एकाच्याही दंडावर जुनी खूण नव्हती. धारपबाईंनी झाडाखाली बाज मांडली, एकेकाला समोर बसवलं आणि टोचता टोचता विचारत गेल्या. माणूस दंड उघडा करून बसला की त्याचं लक्ष सुईकडे असतं. जीभ जरा सैल सुटते.

सावळाराम देवऋषी म्हणाला, "मी लांबनंच बघितलं. देवीच्या खोपेत पुरुषानं जायाचं न्हाय. म्हाळसाबाई म्हणली अंगभर आल्यात, म्हनून मी अंगारा दिला."

"म्हणजे फोड तुम्ही पाहिले नाहीत."

"न्हाय. म्हाळसाबाई खोटं कशाला सांगंल? तिची सून व्हती."

नंतर सिद्धू बसला. उंच, हाडापेरानं दणकट, कुऱ्हाड मांडीला टेकवलेली. पण सुई दिसताच त्याचा दंड लटलट कापायला लागला. धारपबाईंना नवल वाटलं.

"घाबरतोस?"

"कुणाला भ्यायचं?" तो म्हणाला आणि तोंड फिरवलं. "देवीची गोष्ट येगळी. तिच्यापुढं कुणाचं चालत न्हाय."

"आजारात बायकोला पाहिलंस?"

"आईनं जवळ येऊ दिलं न्हाय."

"आणि गेल्यावर?"

"घोंगडीत शिवल्याली व्हती. मी आन् सावळारामानं बांबूला बांधून खड्ड्यापतूर नेली. तोंड बगायचं न्हाय म्हणली आई, देवीचं माणूस हाय."

"शिवलेली होती?"

"दाभणानं. आईनंच." मग तो एकदम कळवळून बोलू लागला. "बाई, त्याच दिशी माझी मेंढी गेली. गाभण व्हती, कळपातली पयली. आई म्हणती लांडग्यानं नेली. कुत्री भुकली न्हाईत, रगताचा थेंब न्हाय, लोकरीचं पुंजकं न्हाय. असला कसला लांडगा?"

बायकोबद्दल बोलताना त्याचा आवाज एकदाही असा फुटला नव्हता.

म्हाळसाबाईला टोचायची गरज नव्हती. तिच्या सबंध चेहऱ्यावर देवीचे खोल वण होते. ती समोर ताठ बसली. खोपेत जाऊन सुनेची सेवा तिनं एकटीनंच केली होती. ज्याला एकदा देवी येऊन जातात त्याला पुन्हा येत नाहीत, हे माळावर सगळ्यांना ठाऊक होतं.

"फोड कसे होते, म्हाळसाबाई?"

"आदी ताप. अंग फणफणलं, कंबर धरली. मग तोंडावर आलं, मग हाताला, मग पायाला. तळपायालाबी. पाय टेकवंना पोरीला. सगळं एकदम भरलं आन् डोळं मिटलं."

धारपबाई ऐकत राहिल्या. वर्णनात एक शब्द चुकीचा नव्हता. "हे सगळं तुम्ही तिचं सांगता आहात," त्या हळूच म्हणाल्या, "की तुमचं स्वतःचं?"

म्हाळसाबाईनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "देवी काय माणसामाणसाला येगळी असती व्हय?"

"मग रंगूच्या मुलीला कांजण्या कुठून आल्या?"

"ते मला काय ठावं. डॉक्टर तुमी."

शेवटी रंगूबाई. तिनं आधीच मान हलवायला सुरुवात केली. "मी खोपेकडं फिरकलेच न्हाय, बाई. शपथ."

"मग मुलीला काय वाऱ्यानं लागण झाली?"

रंगूबाईनं इकडंतिकडं पाहिलं. सिद्धू मेंढरांकडे गेला होता. "भाकर द्यायला जात व्हते," ती पुटपुटली. "पोर कडंवर असायची. नकोशी तिला मांडीवर घ्यायची. एका हातानं."

"एका हातानं का?"

"दुसरा गळ्यात बांधल्याला. मोडला व्हता."

"केव्हा?"

"फोड यायच्या आदी." रंगूबाईचा आवाज आता ऐकूच येईना. "बाई, ही सिद्धूची दुसरी. पयली शकू. ती हिरीत पडून गेली. पाय घसरला म्हणत्यात."

धारपबाईंनी लशीची पेटी बंद केली. एक बायको विहिरीत. दुसरीचा हात मोडलेला, आजार खोटा सांगितलेला, आणि प्रेत कुणाला दिसू नये म्हणून घोंगडीत शिवून टाकलेलं. त्यांनी तिथूनच इंदापूरला फौजदारांकडे निरोप धाडला.

३

फौजदार शितोळे दुसऱ्या दिवशी सकाळी जीप घेऊन आले. हुकूम खिशात होता, पण तोंडावर नाराजी होती. "बाई, देवीनं गेलेलं माणूस उकरायचं म्हणता. माझे शिपाई फावड्याला हात लावायचे नाहीत."

"देवी नव्हतीच, शितोळे."

"एका पोरीच्या फोडांवरून?"

"फक्त तेवढ्यावरून नाही." शिपाई ऐकत होते, वस्ती ऐकत होती, सगळ्यांची भीती जावी म्हणून धारपबाई मोठ्यानं बोलल्या. "इथं कुणालाच देवी टोचलेल्या नव्हत्या. खरी देवी असती तर आज घरोघर माणसं पडली असती. लागण झाली ती एकाच मुलीला, आणि तिला जे झालं त्या कांजण्या. का? कारण रंगूबाई रोज तिला कडेवर घेऊन खोपेत जात होती. म्हाळसाबाई सोडल्या तर नकोशीजवळ जाणारी तीच एक."

फौजदारांनी मान डोलावली. शिपायांचे खांदे सैल झाले. बोलणं ऐकून सिद्धूनं रंगूबाईकडे कसं पाहिलं, ते मात्र धारपबाईंच्या लक्षात आलं नाही.

खड्डा माळावर एका बाभळीजवळ होता. पहिलं फावडं पडायच्या आत म्हाळसाबाई धावत आली आणि मातीच्या ढिगावर आडवी पडली.

"उकरू नका! देवीचं माणूस हाय! निर्वंश हुईल तुमचा!"

दोन शिपायांनी तिला धरून बाजूला केलं. ती शिव्या देत होती, रडत होती, पण तिची नजर पुन्हापुन्हा मुलाकडे जात होती. धारपबाईंना तिची कीव आली आणि रागही आला. आई आहे, त्यांनी मनात म्हटलं. लेकाचं पाप झाकते आहे.

शिपाई तरीही कचरत होते. बिरूनं त्यांच्या हातातून फावडं घेतलं आणि एकट्यानं माती ओढायला सुरुवात केली. बराच वेळ फक्त फावड्याचा आवाज येत होता. मग खाली काळी घोंगडी दिसली आणि दुर्गंधीचा असा लोट आला की सगळे मागं हटले. धारपबाई नाकाला पदर बांधून खड्ड्यात उतरल्या. घोंगडीची शिवण जाड सुतळीची, टाका टाक्याला भिडलेला. त्यांनी कात्रीनं एक टाका कापला. मग दुसरा. फट रुंद झाली.

आतून लोकर बाहेर आली.

त्यांना वाटलं, आत आणखी एक घोंगडं असेल. त्यांनी कापड फाडलं. आत घोंगडं नव्हतं. मातकट लोकर होती, आखडलेला पाय होता, आणि पायाला खूर होता.

"आगं आय," सावळाराम ओरडला. "ही तर मेंढी हाय!"

सगळी वस्ती खड्ड्यावर वाकली. बिरूच्या हातातून फावडं गळून पडलं. तो मातीत बसला आणि हसू लागला, आणि हसता हसता त्याला हुंदका फुटला. "जिती हाय. माझी भन जिती हाय."

"म्हाळसाबाई!" फौजदार गरजले. "सून कुठं आहे?"

म्हाळसाबाई खड्ड्याकडे बघत नव्हती, फौजदारांकडेही नाही. तिनं गर्दीवरून डोळे फिरवले, एकदा, दोनदा. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं.

"सिद्धू कुठं गेला?" ती म्हणाली.

सिद्धू तिथं नव्हता. बाभळीला टेकवलेली त्याची कुऱ्हाडही नव्हती.

४

धारपबाईंना सगळं एकाच क्षणात कळलं.

म्हातारी मुलाला वाचवत नव्हती. मुलापासून सुनेला वाचवत होती. शिवलेली घोंगडी, लांडग्यानं नेलेली मेंढी, जळलेली खोप, ढिगावर घेतलेली लोळण, सगळं त्यासाठी. आणि नकोशी जिवंत असल्याचं ज्या एका माणसाला कधीच कळायला नको होतं, त्यालाच आपण उकरून दाखवलं.

"म्हाळसाबाई, कुठं आहे ती? लवकर सांगा."

"तुमी उकरलंत," म्हाळसाबाई म्हणाली. "चांगली मेल्याली व्हती. सुखात व्हती. तुमी उकरलंत तिला."

"चूक झाली माझी. पण आता त्याच्या आधी आपण पोचलं पाहिजे."

म्हाळसाबाईनं बिरूकडे बोट केलं. "ह्याच्याम्होरं न्हाय सांगायची. दोनदा पळून गेली व्हती पोर मोरगावला. दोनी बारीला ह्यानंच हाताला धरून आणून सोडली. दुसऱ्या बारीला मोडका हात डोळ्यानं बघून सोडली. म्हणला, नांदायची जागा हीच."

बिरूचं हसू आणि रडू दोन्ही थांबलं. खून झाला म्हणून दाद मागायला आलेला तो माणूस आता मातीकडे बघत राहिला.

"लोक नावं ठेवतील असं वाटलं, आत्या," तो शेवटी म्हणाला. "आता कुणी कायबी म्हणू दे. न्हाय आणून सोडणार. बिरदेवाची आण."

म्हाळसाबाईचा विश्वास बसला की नाही, कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात पाटाच्या बाजूनं रंगूबाई पळत आली. सकाळचं बोलणं झाल्यावर ती खड्ड्याकडे न येता मुलीजवळ घरीच थांबली होती. धाप लागून तिला बोलता येईना.

"सिद्धू... सिद्धू माझ्या दारावरनं गेला. मला म्हणला, रंगू, तुझं म्हायेर डाळजच नव्हं का? मी बोलले न्हाय बाई, एक सबूद बोलले न्हाय. पर माझं तोंड बगून हसला. आन् माळानं सरळ वर गेला, उत्तरंला."

म्हाळसाबाईनं डोळे मिटून घेतले. आता सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नकोशी डाळजलाच होती, रंगूबाईच्या आईकडे. नकोशीजवळ रोज कोण जात होतं, हे त्याला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं. ते धारपबाईंनीच चारचौघांत मोठ्यानं सांगितलं होतं.

"पायी जाणार, माळानं," फौजदार जीपकडे धावत म्हणाले. "आपल्याला बारामतीवरून भिगवणला वळसा घालावा लागेल. बसा!"

बिरू मागं चढला. म्हाळसाबाईही चढू लागली. एका शिपायानं तिला अडवलं.

"मला न्या," ती म्हणाली. "त्यो तुमचं ऐकायचा न्हाय."

५

रस्ता खराब होता. बारामतीपर्यंत उसाच्या गाड्यांनी वाट अडवली, नंतर माळ लागला आणि धुळीनं पुढचं दिसेना. फौजदार ड्रायव्हरला सारखे "दाब, दाब" म्हणत होते. म्हाळसाबाई जीपची कड धरून बसली होती. बऱ्याच वेळानं ती आपणहून बोलायला लागली.

"मोरगावासनं आल्यावर फोड उठलं, तवाच मी वळखलं कांजण्या म्हणून. आमच्या कळपासंगं आमी मुलूख फिरलो, पोराबाळांच्या कांजण्या काय कमी बघितल्या? पर ह्यो बाहेरनं आला, फोड बघितलं आन् दारातच थबकला. 'आई, देवी का?' म्हणला. आयुष्यात पयल्यांदा मी त्याला भ्याल्याला बघितला. तवा माझ्या तोंडातनं निघून गेलं, व्हय, देवीच."

"आणि तिथून खोपेत नेलंत," धारपबाई म्हणाल्या.

"देवीच्या खोपेत त्यो पाऊल टाकायचा न्हाय. हात बरा होईपतूर तरी पोर निवांत पडंल, एवढंच मनात व्हतं. मग ती बरी व्हायला लागली, तसा जीव उडायला लागला. बरी झाली की परत घरात आणायची, परत त्येच. म्हटलं, मरू दे हिला. म्हंजी तशी न्हाय. लोकांसाठी."

"मेंढी तुम्ही मारलीत?"

"गाभण व्हती, बाई. दुसरी त्या वजनाची न्हवती. बिरदेव मला माफ करायचा न्हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बाजाराच्या दिशी रंगूनं बैलगाडीत वांग्याच्या पाट्यांमागं बसवून तिला नेली. भिगवणच्या वाटंला तिचा भाऊ थांबला व्हता."

फौजदारांनी मागं वळून न पाहता विचारलं, "आणि शकू? ती घसरूनच पडली ना?"

म्हाळसाबाईनं तोंड बाहेर माळाकडे फिरवलं. भिगवण येईपर्यंत ते तिनं आत वळवलं नाही.

६

रंगूबाईची आई प्रयागबाई डाळजच्या शिवारात विहिरीजवळच्या घरात राहत होती. जीप बांधाशी थांबली तेव्हा दोन बायका कांद्याच्या वाफ्यात बसल्या होत्या. त्यातली एक जीप बघून उठली आणि पळायला लागली.

"नकोशी!" म्हाळसाबाईनं हाक मारली. "थांब, मी हाय!"

पोरगी थांबली. अंगानं बारीक, कपाळावर दोन-तीन खळगे, खपल्या पडून गुलाबी झालेले. डावा हात कोपरात वाकडा बसला होता. तिनं सासूला पाहिलं, मग सासूच्या मागं उभ्या असलेल्या भावाला पाहिलं, आणि ती एकेक पाऊल मागं सरकू लागली.

"दादा, न्हाय," ती म्हणाली. "मी येणार न्हाय. जीव देईन."

बिरूला पुढं जाता येईना. तो जागच्या जागी खाली बसला.

"त्यासाठी आलो नाही आम्ही," धारपबाई तिला घराकडे नेत म्हणाल्या. "सिद्धू येतो आहे. आत चल."

प्रयागबाईनं तिला आत घेऊन कडी लावली. फौजदारांनी जीप चिंचेमागं लावायला सांगितली आणि शिपायांना घराच्या दोन्ही अंगांना बसवलं. मग वाट बघणं सुरू झालं. दुपार कलली. मोटेचे बैल सोडून दिलेले होते. माळावर कुठं काही हलत नव्हतं. फौजदार घाम पुसत होते. नसेल येत, असं एका शिपायानं म्हटलं तेवढ्यात चढावर एक माणूस दिसला. सरळ रेषेत चालत येत होता.

तो बांधावर येताच, फौजदार अडवायच्या आत, म्हाळसाबाई भिंतीआडून बाहेर पडली आणि वाटेच्या मधोमध उभी राहिली.

सिद्धू थांबला. आईला इथं बघून तो क्षणभर चक्रावला.

"बाजूला हो, आई."

"न्हाय."

"तू मला मेंढी खांद्यावर वाहायला लावलीस. समद्या वस्तीनं बघितलं आज. बाजूला हो."

"आन् काय करशील?"

"काय करीन?" सिद्धू हसला. "तिचं दिवस घातल्यात, आई. वस्तीनं तिला मेल्याली धरली. मेल्यालीला मारलं तर कोण इचारणार हाय?"

आतून नकोशीचा हुंदका ऐकू आला. सिद्धूनं कुऱ्हाड हातात पेलली आणि पुढं पाऊल टाकलं. म्हाळसाबाई हलली नाही.

"शकूला लोटलीस तवा मी हिरीच्या वरल्या अंगाला व्हते," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी तो विहिरीपर्यंत ऐकू गेला असता. "डोक्यावर हंडा व्हता माझ्या. पानी आणायला उशीर झाला म्हणून तिला मारत आणलंस, आन् काठावरनं लोटलीस. ती वर आली, तिनं दगडाला हात घातला. तू त्यो हात पायानं सोडवलास. समदं बघितलं मी."

"गप बस."

"तवा बसले गप. ल्योक हाय म्हणून बसले. आता न्हाय."

कुऱ्हाड वर गेली. नेमकी कुणावर, ते त्यालाही कळलं नसावं. तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून बिरू धावत आला आणि त्यानं मागून सिद्धूला मिठी घातली. दोघं वाफ्यात कोसळले. कुऱ्हाडीचं पातं बिरूच्या खांद्यात घुसलं, पण त्यानं मिठी सोडली नाही. शिपाई येऊन पडले तेव्हा सिद्धू लाथा झाडत होता आणि आईच्या नावानं ओरडत होता.

धारपबाई बिरूच्या खांद्याला कापड दाबून धरत असताना घराची कडी निघाली. नकोशी बाहेर आली. ती भावाजवळ बसली आणि तिनं बऱ्या हातानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

७

पुण्याच्या सेशन कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा आरोपीच्या वकिलांनी एकाच गोष्टीवर भर दिला. शकू विहिरीत ढकलली जाताना पाहणारी साक्षीदार एकटी म्हाळसाबाई, आणि ही बाई तर स्वतःच्याच कबुलीनं खोटारडी. जिवंत सून मेली म्हणून तिनं गावाला सांगितलं, देवऋष्याला फसवलं, मेंढी पुरली, तेराव्याचं जेवणसुद्धा घातलं.

"बाई," वकील म्हणाले, "एवढं खोटं ज्या तोंडानं बोललात, त्याच तोंडानं आज खरं सांगता, हे कोर्टानं कशावरून मानायचं?"

म्हाळसाबाईनं पिंजऱ्याची कड दोन्ही हातांनी धरली होती. समोर सिद्धू बसला होता. ती त्याच्याकडे बघून बोलली.

"तवा खोटं बोलले तर सून वाचली. आज खोटं बोलले तर ल्योक वाचंल. मला खोटं बोलायचंच असतं सायेब, तर आज बोलले नसते व्हय?"

वकिलांनी कागद उलटेसुलटे केले आणि खाली बसले.

सिद्धूला जन्मठेप झाली. म्हाळसाबाईनं सरकारी नियमाविरुद्ध देवीची खोटी बातमी पसरवली, याबद्दल फौजदारांनी तिला चौकीत बोलावून खूप मोठ्या आवाजात दम दिला आणि चहा पाजून परत पाठवलं. बिरूचा खांदा महिनाभरानं भरला. बहिणीला तो पुन्हा न्यायला आला, या खेपेला मोरगावला, कायमची. ती गेली नाही. धारपबाईंनी बारामतीच्या एका सुईणीकडे तिला कामाला लावलं होतं, आणि तिथं तिला बरं वाटत होतं. बिरू बाजाराला आला की तिच्याकडे भाकरी खाऊन जायचा.

निकालाच्या दिवशी पोलीस सिद्धूला गाडीकडे नेऊ लागले तेव्हा म्हाळसाबाई कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी होती. तो तिच्या अगदी जवळून गेला. त्यानं मान वळवली नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली, आवाज विरून गेला, तरी ती तिथंच उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के लागत होते. धारपबाईंना तिच्याजवळ जायचं धाडस झालं नाही.

नकोशी गेली. तिनं सासूचा हात धरला.

"चला आत्या," ती म्हणाली. "बारामतीची गाडी सुटंल."

म्हाळसाबाई एक पायरी उतरली. मग तिथंच मटकन बसली, तोंडाला पदर लावला, आणि पोटच्या पोरासाठी मोठ्यानं रडली. नकोशी तिच्याजवळ बसून राहिली. पहिली गाडी गेली, दुसरीही गेली. घाई कुणालाच नव्हती.